पन्नास टिंबं

समुद्र माझ्याकडे कुरिअरने येतो.
खाकी पाकीट, आत बुडबुड्यांचं प्लास्टिक,
त्याच्या आत दोन टेराबाइट.
सही घेताना पोऱ्या विचारतो, मॅडम, काय असतं ह्यात दर महिन्याला?
पाणी, मी म्हणते.
तो पाकीट कानाशी नेऊन हलवतो.

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
वनस्पतिशास्त्राच्या जुन्या स्टोअररूममध्ये माझं टेबल.
एका अंगाला फॉर्मेलिनच्या बरण्या,
दुसऱ्या अंगाला कूलर,
लावला की कागद उडतात म्हणून बंदच.
इथे बसून मी एका बेटाचा तळ मोजते.

पद्धत साधी आहे.
हमजाकोया पाण्यात उतरतो,
पांढऱ्या पाइपची चौकट तळावर ठेवतो,
फोटो काढतो, एक पाय मारतो, पुढे सरकतो.
संगणक त्या फोटोवर पन्नास टिंबं टाकतो
आणि प्रत्येक टिंबाखाली काय आहे ते मी सांगते:
जिवंत पोवळं. मेलेलं पोवळं. वाळू.
शेवाळ, इथलं.
शेवाळ, आलेलं.

आलेलं ओळखायला मला पंधरा दिवस लागले.
शिंगांसारखं फुटतं, हिरवट तपकिरी.
पोवळ्याच्या खांद्यावर हात टाकतं
शाळेतल्या मित्रासारखं
आणि मग हात काढतच नाही.
लागवडीसाठी आणलं होतं म्हणे, दोऱ्यांना बांधून,
त्याच्या चिकाने आइस्क्रीम घट्ट राहतं.
एका वादळात दोऱ्या सुटल्या.
हे वाचलं त्या संध्याकाळी मी कोन घेतला
आणि रिक्षास्टँडपाशी उभ्याने
शेवटच्या टोकापर्यंत खाल्ला.
बरा होता.

समुद्र पाहिलाच नाही असं नाही.
एकदा, डहाणूला, लग्नाआधी.
ओहोटी होती. तो लांब गेला होता.

चारशे बाराव्या फोटोत हमजाकोयाचा अंगठा आला,
नख काळंनिळं,
एकोणतिसावं टिंब नेमकं त्याच्यावर.
यादीत माणूस नाही.
मी ‘इतर’ लिहिलं, आणि मग फोन केला.
त्याचं हिंदी उसनं, माझंही.
दगडाखाली आला, म्हणाला, आता ठीक आहे.
पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना,
मागे त्याच्याकडे कोंबडा आरवत होता, भर दुपारी.

रविवारी माहेरी गेले, खाणगाव थडीला.
कडवा गोदेला मिळते त्याच्या अलीकडे
पुंजाराम, माझा भाऊ, जाळं ओढत होता.
माशांआधी पाणवेली वर आल्या, ओंजळी, घमेली, ढीग.
तो एकेक मूळ सोडवत म्हणाला,
ही तुमच्याकडची. वरून येते, नाशकातून.
तुम्ही सोडता ते खाऊन पोसते.
मी म्हटलं, मी कशाला सोडू?
तो काही बोलला नाही. जाळं झटकलं,
माझ्या साडीवर शिंतोडे आले.

द्राक्षबागेची टाकून दिलेली ठिबकची नळी
वाकवून मी चौकट बांधली, सुतळीने.
काठाशी टाकली. ती बुडालीच नाही,
पानांवर बसून राहिली, खाटेवर बसावं तशी.
टिंबं मनातल्या मनात पाडली.
आलेलं. आलेलं. आलेलं.
सतराव्यापर्यंत आले तर एक कमळपक्षी
लांब बोटं टाकत चौकटीत शिरला,
मागोमाग दोन पिल्लं, कापसाच्या बोंडाएवढी,
त्याच पानांवरून, घरातल्यासारखी.
मी मोजणं थांबवलं नाही. पण आकडा चुकला,
परत एकपासून धरावा लागला.

फुलं आली होती सगळीकडे, जांभळी,
प्रत्येकाच्या मधल्या पाकळीवर पिवळा डोळा.
ह्या फुलांसाठीच कुणीतरी हौसेने आणली ही वेल,
कुठल्याशा बंगल्याच्या हौदात ठेवायला.
मी फोटो काढला, हमजाकोयाला पाठवला.
खाली काही लिहिलं नाही.

उत्तर रात्री आलं, जेवणं झाल्यावर:
कितना अच्छा बगीचा है आपका.

‘आलेलं’ला हिंदीत काय म्हणतात
ते आठवत मी बराच वेळ बसले,
लिहिलं, पुसलं,
आणि शेवटी विचारलं,
अंगठा कसा आहे.